मणिकर्णिका आणि माता



काशीच्या मणिकर्णिका घाटावर चिता अहोरात्र जळत असतात. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी ज्याचा जीर्णोद्धार केला, त्या या घाटावर अग्नी मिळणे श्रद्धाळूंना परमभाग्याचे वाटते. परंतु काही देहांना येथे अग्नी देऊ नये, अशी परंपरा सांगितली जाते. संन्यासी, लहान बालक आणि गरोदरपणी मरण पावलेली स्त्री, यांचे देह गंगेच्या प्रवाहाच्या स्वाधीन करण्याची चाल होती. गर्भिणीच्या उदरात निष्पाप जीव असतो, म्हणून तिला चिता नको, असे त्याचे कारण देतात.

या रूढीत करुणा आहे, हे खरेच. पण तिच्यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. गर्भिणीचा मृत्यू समाजाच्या इतका परिचयाचा होता की, त्यासाठी निराळा विधी ठरवून ठेवावा लागला. विधी ठरला, मृत्यू टाळण्याची व्यवस्था मात्र फार उशिरा सुचली.

बाळंतपण हा रोग नव्हे. तथापि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव अनावर झाला, तर दोनएक तासांतही प्राण जाऊ शकतो. वाढलेल्या रक्तदाबाने येणारे झटके, जंतुदोष, अडलेले बाळंतपण, ही इतर प्रमुख कारणे. या सर्वांवरील उपाय वैद्यकाला ठाऊक आहेत. मग खेड्यातील स्त्री दगावते कशाने? थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली याचे उत्तर तीन विलंबांत मांडले. दवाखान्यात न्यायचे की नाही, हे घरात ठरण्यास लागणारा विलंब पहिला, वाटेतला दुसरा, आणि दवाखान्याच्या दारी पोचल्यावरही उपचार सुरू होण्यास लागणारा विलंब तिसरा.

पहिल्या विलंबावरचा इलाज महाराष्ट्राने जामखेडला पाहिला. तेव्हाच्या अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या दुष्काळी भागात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम आरंभिले. त्यांनी गावच्याच स्त्रियांना, त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकविले. परक्या डॉक्टरापेक्षा शेजारणीचा शब्द सासूला लवकर पटतो, हे त्यांनी ओळखले होते.

दुसऱ्या विलंबावर गडचिरोलीसारख्या दुर्गम जिल्ह्यात 'माहेरघर' ही योजना आली. पावसाळ्यात नदीनाल्यांनी वाट तुटते. म्हणून दिवस भरत आलेल्या स्त्रीने आधीच आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे. पहिलटकरणीने माहेरी जावे, या जुन्या रीतीचेच हे नवे रूप होय.

पैशाची अडचण दूर करण्यासाठी २००५ साली जननी सुरक्षा योजना निघाली, आणि २०११ पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त व ने-आण विनामूल्य झाली. २००५-०६ मध्ये देशात शंभरातील सुमारे ३९ बाळंतपणे दवाखान्यांत होत. २०१९-२१ मध्ये ती सुमारे ८९ झाली.

तरीही समाधान मानण्याचे कारण नाही. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, तर ज्या उत्तर प्रदेशात काशी वसली आहे तेथे १६७. म्हणजे स्त्रीला केवळ दवाखान्याच्या दारापर्यंत आणणे पुरेसे नाही. दारामागे कुशल परिचारिका, शस्त्रक्रिया जाणणारा डॉक्टर आणि रक्ताची पिशवी त्या घटकेला हजर हवी. तिसरा विलंब अजून आपल्याकडे हिशेब मागतो आहे.

याच मणिकर्णिकेचे नाव काशीतील तांबे या मराठी कुटुंबाने आपल्या कन्येला ठेवले. पुढे ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. ज्या नावाने मुलीचा जन्म साजरा करावा, त्या घाटावर कोणत्याही गर्भिणीसाठी निराळा विधी करण्याची वेळ येऊ नये, इतकी तजवीज करणे आपल्या हाती निश्चित आहे.