तुडतुड्याच्या अंड्यातली माशी
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पऱ्हाटीचे पान उलटे केले की तिरपे तिरपे पळणारे हिरवट तुडतुडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पान कडेने पिवळे पडते, कोकडते, मग लाल होते, आणि आपण पंप पाठीवर घेतो. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या तुडतुड्यांच्या अंड्यांत वाढणाऱ्या एका माशीबद्दल. ही माशी कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. म्हणूनच बहुधा तिची माहिती सांगायला गावात कोणी गाडी घेऊन येत नाही.

तुडतुडा पानाच्या वर अंडी घालत नाही. मादी पानाच्या शिरेला चीर पाडून अंडे आत ठेवते. आपण मारलेले औषध पानावर पसरते. शिरेतल्या अंड्याला त्याचा धक्का फारसा लागत नाही. आंतरप्रवाही औषध रसातून फिरते खरे, पण अंडे काही रस ओढत नाही. चार ते अकरा दिवसांत पिल्ले बाहेर पडतात, आणि आठवड्याने पाहावे तो वावर पुन्हा भरलेले.

त्या शिरेतल्या अंड्यापर्यंत ही माशी मात्र पोचते. शास्त्रज्ञ तिच्या कुळाला मायमॅरिडी म्हणतात, इंग्रजीत लोक परीमाशी म्हणतात. नात्याने ती गांधीलमाशीची दूरची बहीण, पण माणसाला डसत नाही. जगात या कुळाच्या चौदाशेच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि बहुतेक एक मिलिमीटरच्याही आतल्या. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सापडलेल्या एका जातीचा नर १९९७ साली नोंदला गेला, तो ०.१३९ मिलिमीटर लांबीचा, बिनपंखी आणि आंधळा! ज्ञात कीटकांत त्याहून लहान कोणी नाही. इतरांचे पंख काडीसारखे अरुंद, कडेला लांब केसांची झालर. याच कुळातली एक माशी त्या पंखांनी पाण्याखाली पोहते आणि पाणकिड्यांची अंडी शोधते.

मादी मिशांनी शीर चाचपते, अंडे सापडले की त्यात आपले अंडे घालते. तिची अळी आतल्या आत तुडतुड्याचे अंडे खाऊन मोठी होते आणि भोक पाडून माशी बाहेर पडते. अळीवर जगणारे परोपजीवी अळीला मारतात, पण तोवर अळीने पीक खाल्लेलेच असते. इथे तुडतुडा जन्मतच नाही. ट्रायकोग्रामाची कार्डे आपल्यापैकी अनेकांनी पऱ्हाटीला टाचली आहेत. ती माशी बोंडअळीच्या अंड्यांवर जे काम करते, तेच ही तुडतुड्यांच्या अंड्यांवर करते. ज्वारीच्या पानाच्या मधल्या शिरेत अंडी घालणाऱ्या तुडतुड्यांवरही याच कुळातल्या माश्या जगतात. कपाशीवरच्या तुडतुड्यांच्या अंड्यांतून अरेस्कॉन आणि अनॅग्रस या वंशांतल्या माश्या निघाल्याची नोंद आहे.

आता अरेस्कॉन हे नाव ध्यानात ठेवा. सालईच्या खोडातून राळ गळते आणि तीत मुंगी-चिलट अडकते, हे आपण पाहतो. अशीच राळ जमिनीत गाडली जाऊन कोट्यवधी वर्षांनी दगडासारखी होते, तिला अंबर म्हणतात. म्यानमारच्या काचिन भागातल्या अंबरात या कुळाची एक माशी सापडली. पॉइनर आणि ह्यूबर या शास्त्रज्ञांनी २०११ साली तिचे नाव ठेवले, त्याच्या उत्तरार्धाचा अर्थच ‘अरेस्कॉनसारखी’. ते अंबर सुमारे ९.९ कोटी वर्षांचे आहे. आपली काळी माती ज्या काळ्या पाषाणातून झिजून झाली, तो लाव्हा होऊन वाहिला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपल्या वावराचा दगड तयार होण्याआधी ही माशी पृथ्वीवर होती. पुढे कॅनडाच्या अंबरात, बाल्टिकच्या अंबरात हे कूळ सापडत राहते. डायनोसॉर गेले, हे चिमुकले टिकले.

आणि आपल्या वावरातून ते पहिल्या एक-दोन फवाऱ्यांत जाते. २००२ नंतर आलेल्या बीटी वाणातले विष बोंडअळीसाठी आहे, रस शोषणाऱ्या किडीवर ते चालत नाही. त्यातले बरेच संकरित वाण तुडतुड्यांना हळवे निघाले, तेव्हा फवारा तिकडे वळला. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसे गेली. हा खर्च कोणत्या भावात धरायचा?

माशीच्या भरवशावर वावर सोडून द्या, असे आम्ही म्हणत नाही. काही वर्षी तुडतुडे इतक्या जोराने येतात की ती मागे पडते. पण मोजल्याशिवाय पंप उचलू नका. एकरी वीस झाडे, प्रत्येकाचे वरचे, मधले, खालचे पान. पानामागे दोन-तीन पिल्ले भरली नाहीत तर थांबा. भरायला आली तर आधी पाच टक्के निंबोळी अर्क. बियाणे घेताना पानावर लव असलेले वाण विचारा, तुडतुडा लवेला टाळतो. आणि धुरा सगळाच जाळून साफ करू नका. कॅलिफोर्नियात १९६० च्या दशकात दिसून आले की द्राक्षबागेतली अनॅग्रस माशी हिवाळा काढते तो नदीकाठच्या रानटी काटेरी झुडपांवरच्या वेगळ्या तुडतुड्यांच्या अंड्यांत. तिला बागेबाहेर आसरा लागतो.

माशी आहे की नाही, हे पाहता येते. आम्ही पऱ्हाटीची चांगली पाने देठाला ओला कापूस गुंडाळून बाटलीत ठेवली, पानावरचे तुडतुडे आधी झाडून टाकले. बाटलीला काळा कागद लावला आणि तोंडाशी काचेची नळी बसवली. आठ-दहा दिवसांत उजेडाकडे सरकलेले ठिपके नळीत दिसले. भिंगाखाली पंखांची झालर दिसली. ज्यांना जमेल त्यांनी एक बाटली फवारलेल्या वावराची, एक न फवारलेल्याची करावी, वर पेरणीची आणि फवाऱ्याची तारीख लिहावी आणि पुढच्या बैठकीला घेऊन यावे. भिंग आम्ही आणू.