ठिबक संचातील बिघाड आकड्यांवरून कसा ओळखावा?

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



ठिबक संच बसवताना आपण पै-पैचा हिशेब करतो. पण संचातून तासाला किती पाणी जायला हवे आणि प्रत्यक्षात किती जाते, याची नोंद फार थोडे बागायतदार ठेवतात. एका डाळिंब बागेचे उदाहरण सांगतो. त्यात चूक माझीच होती.

बाग एक एकराची, झाडे ३००. प्रत्येक झाडाला ताशी ४ लिटरचे चार ड्रिपर, म्हणजे १ किलो दाबाला (दर चौरस सेंटिमीटरला) तासाला ४,८०० लिटर पाणी जायला हवे. मीटरवर मात्र ४,००० लिटरच दिसत होते. विहिरीचे पाणी क्षाराचे. ड्रिपर चोकअप झाले असणार असे धरून मी आम्ल प्रक्रियेचा सल्ला दिला. आम्लाचा आणि मजुरीचा खर्च झाला, पण आकडा जागचा हलला नाही. पंधरा दिवसांनी फिल्टर उघडला तेव्हा जाळीवर शेवाळाचा जाड थर निघाला. तोपर्यंत फळे वाढीच्या अवस्थेत ताण सोसत होती. मालकांनी भरपाई म्हणून संच जास्त वेळ चालवला आणि बरीच फळे तडकली.

फिल्टरनंतरचा दाबमापक या सर्व काळात ०.७ किलो दाखवीत होता. तो मी पाहिलाच नव्हता.

साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो; दाब चौपट केला तर पाणी दुप्पट येते. या नियमाने आपल्या बागेत ०.९ किलोला सुमारे ४,५५०, ०.८ ला ४,३०० आणि ०.७ ला ४,००० लिटर येतात. म्हणजे ०.७ किलो दाबाला ४,००० लिटर हा आकडा बरोबरच होता! ड्रिपर निर्दोष होते, कमी पडला होता तो दाब. (दाबनियंत्रित ड्रिपरला हा नियम लागू नाही. त्यांचा प्रवाह ठरावीक दाबाच्या मर्यादेत जवळजवळ स्थिर राहतो.)

यंत्राचे गणित मांडायचे, त्यावरून अपेक्षित आकडा काढायचा आणि प्रत्यक्ष मापाशी ताडून उरलेल्या फरकावरून दोष शोधायचा, ही पद्धत अभियंत्यांनी १९७० च्या दशकात विमाने व अवकाशयाने यांसारख्या यंत्रणांसाठी वाढवली. आपल्याला त्यासाठी पाण्याचा मीटर, फिल्टरच्या आधी व नंतर एकेक दाबमापक आणि वही पुरते.

दाब १ किलो किंवा त्याहून थोडा जास्त असून पाणी कमी असेल, तर ड्रिपर चोकअप झाले आहेत. दाब कमी आणि पाणी मात्र हिशेबापेक्षा जास्त असेल, तर कुठेतरी लॅटरल तुटली आहे किंवा उपनळी फुटली आहे. दोन्ही कमी असून आकडे वर्गमुळाच्या हिशेबात बसत असतील, तर दोष मागे आहे. फिल्टरच्या दोन दाबमापकांतला फरक वाढला असेल तर फिल्टर धुवावा. फरक नेहमीएवढाच असेल तर पंप, फूट व्हॉल्व्ह, व्होल्टेज आणि विहिरीची पातळी पाहावी.

पहिली नोंद संच फ्लश करून, फिल्टर धुऊन घ्यावी आणि प्रत्येक व्हॉल्व्हची वेगळी लिहावी. दुकानदाराच्या कागदावरील आकड्यापेक्षा ही नोंद अधिक भरवशाची. झाडे किंवा ड्रिपर वाढवले की ती पुन्हा घ्यावी. थोडा फरक रोजच पडतो. तो दहा टक्क्यांच्या वर गेला किंवा दोन-तीन दिवस एकाच बाजूला वाढत राहिला, तर दखल घ्यावी.

मीटर सगळे सांगेल असे मात्र समजू नये. १,२०० ड्रिपरपैकी पाच-दहा बंद पडले तर आकड्यात काहीच दिसत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा ओळींतून फिरावेच लागते. आणि कधी दोष मापकाचाच असतो. पंप बंद करून नळीतला दाब उतरल्यावर काटा शून्यावर येत नसेल, तर आधी दाबमापक बदलावा.