पदवी नावाचे वचन

(उच्च शिक्षणविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचा पाठ)



जून महिना उजाडला की महाराष्ट्रातील घराघरांत एकच विषय सुरू होतो. मुलाने कोणत्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा, मुलीला कोणती शाखा मिळेल, शुल्क किती, वसतिगृह कसे, पुढे नोकरी लागेल काय? गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके घरात येऊन पडतात. त्यांतील इमारतींची छायाचित्रे सर्व जण पाहतात. परंतु तळाशी बारीक अक्षरांत छापलेले 'मान्यताप्राप्त', 'संलग्न' आणि 'अधिस्वीकृत' हे तीन शब्द फारसे कोणी वाचत नाही. आणि ज्याने वाचले त्यालाही त्यांतील भेद बहुधा ठाऊक नसतो. वस्तुतः चार वर्षांच्या श्रमाचे फळ पदवी म्हणून हाती पडणार की नुसता कागद म्हणून, हे त्या तीन शब्दांवरच ठरते.

पदवी ही वस्तू नव्हे, ते एक वचन आहे. 'या व्यक्तीने अमुक विद्येचा अमुक काळ अभ्यास केला असून तिची परीक्षा घेतली गेली आहे,' असे वचन विद्यापीठ समाजाला देते. त्या वचनावर विसंबून रुग्ण वैद्याच्या हाती नाडी देतो आणि नगरपालिका अभियंत्याच्या हाती पूल सोपवते. हे वचन देण्याचा अधिकार कोणाला, ते पाळले जाते की नाही हे पाहणारा कोण, आणि ते मोडले तर भुर्दंड कोणाला, हे प्रश्न म्हणूनच केवळ प्राध्यापकांचे नाहीत; ते प्रत्येक कुटुंबाचे आहेत.

अधिकाराचा उगम

विद्येच्या दारात परीक्षा असावी, ही कल्पना या भूमीला नवी नाही. नालंदेच्या दारात प्रवेशेच्छूंना कठीण प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सात-आठ जण परत फिरत, असे ह्युएन त्संगने नोंदवून ठेवले आहे. मात्र आजची व्यवस्था त्या परंपरेतून आलेली नाही. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. प्रारंभी ती शिकवीत नसत. परीक्षा घेऊन पदव्या देत. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. शिकवणारा एक आणि प्रमाण देणारा दुसरा, ही विभागणी तेव्हापासूनची. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने लॉर्ड कर्झनच्या शासनाने संलग्नतेवरची सरकारी पकड अधिक घट्ट केली.

या चौकटीला महाराष्ट्रातच एक तेजस्वी उत्तर मिळाले. १९१६ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. शिक्षण मातृभाषेतून, अभ्यासक्रम स्वतंत्र आणि पदवीचे नावही स्वतःचे, 'गृहीतागमा'. सरकारची मान्यता नव्हती. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला लाभले. पण कायद्याने अधिष्ठान मिळण्यास १९५१ साल उजाडले. तब्बल ३५ वर्षे ही संस्था मान्यतेवाचून उभी राहिली.

या इतिहासातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. कायद्याची मान्यता निराळी आणि शिक्षणाची योग्यता निराळी. पहिली शासन देते, दुसरी तपश्चर्येने मिळवावी लागते. पण कर्व्यांच्या नावाचा आधार घेऊन आजच्या बोगस विद्यापीठांना पाठीशी घालता येणार नाही. मान्यता नसताना ती असल्याचे भासवणे आणि मान्यता नाही हे उघड सांगून काम करणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

तीन शब्द, तीन अर्थ

स्वतंत्र भारतात १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला. त्याच्या २२ व्या कलमाने पदवी देण्याचा अधिकार कोणाला, हे निश्चित केले. संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, अथवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. यांखेरीज कोणालाही पदवी देता येत नाही. पदव्यांची नावेसुद्धा आयोगाने राजपत्रात प्रसिद्ध केलेलीच असावी लागतात. हा झाला 'मान्यता' या शब्दाचा गाभा.

'संलग्नता' ही महाविद्यालयाची बाब. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ प्रमाणे नव्या महाविद्यालयाची गरज आधी विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या बृहत् आराखड्यात दिसावी लागते. मग संस्थेचा अर्ज, त्याची छाननी, शासनाचे इरादापत्र, अटींची पूर्तता आणि अंतिम परवानगी. जागा, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि शिक्षक प्रत्यक्ष आहेत की कागदावर, हे पाहण्यासाठी विद्यापीठाची समिती येते.

'अधिस्वीकृती' ही तिसरी आणि सर्वांत गैरसमजाची गोष्ट. १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे बंगळूरूची 'नॅक', स्थापन झाली. अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन, भौतिक सुविधा, विद्यार्थी-साहाय्य, प्रशासन आणि संस्थेची मूल्ये अशा सात निकषांवर ती संपूर्ण संस्थेची पारख करीत आली. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 'एनबीए' हे मंडळ निर्माण केले. २०१० पासून ते स्वायत्त झाले. ते संस्थेची नव्हे, एकेका अभ्यासक्रमाची पारख करते. म्हणजे एकाच महाविद्यालयात यंत्र अभियांत्रिकीला अधिस्वीकृती असेल आणि संगणक शाखेला नसेल. २०१४ च्या जूनमध्ये भारत 'वॉशिंग्टन करारा'चा पूर्ण सदस्य झाला. तेव्हापासून एनबीएच्या योग्य श्रेणीतील अधिस्वीकृती लाभलेल्या अभियांत्रिकी पदवीला त्या करारातील देशांत समकक्ष मानण्याचा मार्ग खुला झाला. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मराठी तरुणाच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

अभ्यासक्रम कोठे घडतो?

'विद्यापीठाने अभ्यासक्रम बदलला' असे आपण सहज म्हणतो. परंतु विद्यापीठ म्हणजे कोण? आरंभ होतो अभ्यास मंडळात. विषयाचे प्राध्यापक आणि बाहेरील तज्ज्ञ तेथे बसतात. कोणता घटक ठेवावा, कोणता गाळावा, कोणते ग्रंथ नेमावेत, किती श्रेयांक द्यावेत, याचा पहिला शब्द त्यांचा. तो मसुदा विद्याशाखेकडे जातो आणि तेथून विद्यापरिषदेकडे. शैक्षणिक दर्जाबाबत अंतिम जबाबदारी विद्यापरिषदेची. पैशाचा आणि पदांचा प्रश्न आला की व्यवस्थापन परिषद लक्ष घालते.

ही पायऱ्यांची वाट अनेकांना वेळखाऊ वाटते, आणि ती आहेच. पण पायऱ्या गाळून उडी मारली की काय होते, हे दिल्लीने दाखवले. दिल्ली विद्यापीठाने २०१३ मध्ये चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरेशी चर्चा न करता घाईने लागू केल्याची टीका झाली. २०१४ च्या जूनमध्ये आयोगाने तो रद्द करण्यास सांगितले आणि ऐन प्रवेशाच्या तोंडावर तो मागे घ्यावा लागला. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या पदवीचा पर्याय देशभरासाठी मांडला. म्हणजे कल्पना त्याज्य नव्हती. पण प्रक्रिया विश्वास निर्माण करू शकली नाही आणि मधल्या मध्ये एक तुकडी भांबावून गेली.

वचन मोडते तेव्हा

छत्तीसगड राज्याने २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा केला. अल्पावधीत तेथे शंभराहून अधिक विद्यापीठे निघाली. अनेकांना स्वतःची इमारत नव्हती, शिक्षक नव्हते. राजपत्रातील एक अधिसूचना एवढेच त्यांचे भांडवल. आयोगाचे माजी अध्यक्ष आणि ज्येष्ठ शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने त्या कायद्याची मूळ कलमे घटनाबाह्य ठरवली आणि ती विद्यापीठे अस्तित्वातून गेली. तेथील विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था राज्यातील विद्यापीठांशी संलग्न करण्याचा मार्ग न्यायालयाला सुचवावा लागला.

दुसरे उदाहरण अधिक क्लेशदायक आहे. चार अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या अनुमतीवाचून दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. २००१ ते २००५ या सत्रांतील विद्यार्थ्यांच्या पदव्या निलंबित झाल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षेची संधी दिली गेली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द झाल्या. शुल्क परत करण्याचा आदेशही झाला. पण दहा-बारा वर्षे नोकरी करणाऱ्या, त्या पदवीवर बढती मिळालेल्या माणसाला शुल्क परत मिळून काय मिळते? आयुष्यातील वर्षे कोणता आदेश परत करणार?

आणि शिक्षा कोणाला? १९५६ च्या कायद्याने बेकायदा पदवी देणाऱ्यास ठेवलेला कमाल दंड किती, तर एक हजार रुपये! विद्यार्थ्याची वर्षे जातात, बापाची जमीन गहाण पडते आणि फसवणाऱ्यासाठी कायद्यात हजार रुपये. या विषमतेविषयी समाजाने मौन का बाळगावे?

पारख करणारी यंत्रणाही निष्कलंक राहिली नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत लाचखोरीच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने नॅकच्या एका तपासणी पथकातील सदस्यांना अटक केली. त्याआधीच, २०२४ च्या जानेवारीत, अनेक श्रेणींऐवजी 'अधिस्वीकृत' किंवा 'अधिस्वीकृत नाही' एवढेच सांगणारी पद्धत आणण्याचे नॅकने जाहीर केले होते. श्रेणींच्या चढाओढीला त्याने आळा बसेल, ही अपेक्षा. पण समिती येणार म्हणून भिंती रंगवायच्या, फायली सजवायच्या आणि समिती गेली की ग्रंथालयाला कुलूप लावायचे, ही वृत्ती कोणत्याही नव्या पद्धतीला पुरून उरेल. दर्जा तपासणीच्या दिवशी निर्माण होत नाही. तो तासाला वेळेवर येणाऱ्या शिक्षकात आणि उत्तरपत्रिका मन लावून तपासणाऱ्या परीक्षकात असतो.

समाजाचे कर्तव्य

मग सामान्य कुटुंबाने काय करावे? प्रवेशापूर्वी चार प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे लेखी मागावीत. पदवी कोणते विद्यापीठ देणार आणि ते कोणत्या कायद्याने स्थापन झाले? पदवीचे नेमके नाव आयोगाच्या सूचीत आहे काय? अधिस्वीकृती संस्थेला आहे की याच अभ्यासक्रमाला, आणि तिची मुदत कधी संपते? अभ्यासक्रम दूरशिक्षणाचा असेल, तर त्या विषयासाठी तशी परवानगी आहे काय? उत्तर देताना जो कार्यालयीन कर्मचारी अडखळतो, त्याच्या संस्थेविषयी वेगळे सांगावयास नको. विद्यापीठ अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी वेळोवेळी प्रसिद्ध करतो, तीही पाहावी.

सुशिक्षितांचे कर्तव्य याहून मोठे आहे. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून देतात. पण किती पदवीधर नोंदणी करतात आणि त्यांतले किती मतदानाला जातात? अभ्यास मंडळावर जाणारा प्राध्यापक किती बैठकांना वाचून जातो? अनुभवी अभियंता, सनदी लेखापाल किंवा उद्योजक याला तज्ज्ञ म्हणून बोलावणे आले, तर तो त्यासाठी दिवस काढतो काय? अभ्यासक्रमावर चहाच्या कपासोबत टीका करणारे पुष्कळ. मसुद्यावर ठरलेल्या मुदतीत लेखी सूचना पाठवणारे विरळा.

कर्व्यांपाशी सत्ता नव्हती, मान्यता नव्हती. तरीही त्यांच्या संस्थेने दिलेले वचन समाजाने खरे मानले, कारण ते वर्षानुवर्षे पाळले गेले. आज कायदे आहेत, परिषदा आहेत, समित्या आहेत. उणीव असेल तर ती वचन पाळणाऱ्यांची आणि ते पाळले जाते की नाही हे जागरूकपणे पाहणाऱ्यांची. शिक्का शासन देईल. त्या शिक्क्याची पत मात्र शिक्षक, पालक आणि पदवीधर यांनाच राखावी लागेल. ते काम येत्या जूनपासून, आपापल्या गावच्या महाविद्यालयापासूनच सुरू व्हावे.