भरला खजूर : वऱ्हाडी पाहुणचारातील एक सोपा पदार्थ

(नभोवाणीवरील भाषण)

भरला खजूर म्हणजे बी काढलेल्या खजुराच्या पोकळीत गोड किंवा तिखटमिठाचे सारण भरून, जेवणापूर्वी अथवा चहा-सरबताबरोबर पाहुण्यांच्या हाती द्यावयाचा एक छोटा पदार्थ होय. शहरांत ज्याला आता ‘स्टार्टर’ म्हणतात त्या प्रकारात तो मोडतो. मात्र त्यासाठी पीठ भिजवावे लागत नाही, कढई चढवावी लागत नाही आणि चूल पेटलीच तर ती सारणापुरती, काही मिनिटांसाठीच पेटते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत मे महिन्यात पारा 45 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो आणि लग्नसराईही त्याच दिवसांत येत असल्यामुळे, पाहुण्यांची वर्दळ आणि स्वयंपाकघरातील उष्मा हे दोन्ही वऱ्हाडातील घरांना एकाच वेळी सोसावे लागतात. अशा वेळी तासाभरात डझनभर माणसांपुढे ठेवता येणारा हा पदार्थ फार उपयोगाचा आहे. त्याच्या कृतीमागील सूत्र एवढेच की, गोडी खजुराने आधीच दिलेली असल्यामुळे सारणाने खजुरापाशी नसलेले तेवढेच पुरवावे. म्हणजे स्निग्धता, आंबटपणा, मीठ, तिखट आणि दाताखाली येणारा कुरकुरीतपणा. भरल्या वांग्याचा मसाला ज्याप्रमाणे वांग्याचा स्वभाव ओळखून केला जातो, त्याप्रमाणेच येथेही सारण फळाकडे पाहून ठरते.

खजूर हे वऱ्हाडात पिकणारे फळ नाही. नाल्यांच्या आणि शेतांच्या काठी दिसणारी शिंदी ही खजुराच्याच ‘फिनिक्स’ या प्रजातीतील असली, तरी तिच्या फळात गर अगदी थोडा आणि बी मोठी असते. खऱ्या खजुराला पिकण्याच्या काळात कडक ऊन आणि कोरडी हवा लागते. पाऊस आला की फळ तडकते व आंबते. गुजरातेतील कच्छमध्ये खजुराच्या बागा आहेत, परंतु तेथेही जून-जुलैमध्ये पावसाळा सुरू होत असल्याने बहुतेक फळ पिवळ्या किंवा लाल, कडक अवस्थेतच उतरवून ताजे विकले जाते. पूर्ण पिकलेला मऊ खजूर प्रामुख्याने इराण, इराक आणि अरबस्तानातील देशांतून येतो, आणि भारत हा खजुराच्या मोठ्या आयातदार देशांपैकी एक आहे. खारीक म्हणजे याच फळाचे वाळवलेले रूप. वऱ्हाडातील घरांना तिची ओळख जुनी आहे, कारण ओटीच्या सामानात, बाळंतिणीच्या खाण्यात आणि डिंकाच्या लाडवांत ती असते, आणि अचलपूर, बाळापूर यांसारख्या गावांत ईदच्या शीरखुर्म्यातही ती पडते. तेव्हा खजूर बाहेरून येत असला तरी येथील सण-समारंभांत त्याचे स्थान पक्के आहे. त्यात भरावयाचे सारण मात्र पूर्णपणे वऱ्हाडच्या मातीतून उभे राहू शकते.

भरण्यासाठी खजूर निवडताना त्याच्या जाती लक्षात घ्याव्या लागतात. ‘मेजूल’ हा आकाराने मोठा, भरपूर गराचा आणि भरावयास सर्वांत सोयीचा, परंतु महाग असतो. डब्यातून मिळणारा काळसर ‘कीमिया’ अतिशय मऊ असल्यामुळे चिरताना फाटतो, म्हणून तो तासभर फ्रीजमध्ये ठेवून घट्ट झाल्यावर हाताळावा. किराणा दुकानातील दाबून बांधलेला पेंडखजूर चिवडला गेलेला असतो. तो लाडू-वड्यांसाठी ठेवावा. खजूर कोरडा व कडक निघाल्यास चाळणीत ठेवून 3 ते 4 मिनिटे वाफवावा, म्हणजे साल मऊ होते. फळावर दिसणारी पांढरट भुकटी पुष्कळदा वर आलेल्या साखरेची असते; तळहाताच्या उबेने ती विरघळली तर खजूर चांगला समजावा, आणि आंबट किंवा दारूसारखा वास आला तर तो टाकून द्यावा.

खजूर ओल्या फडक्याने पुसून देठाकडील टोपी काढावी, एका बाजूने उभी चीर द्यावी आणि दुसरी बाजू अखंड ठेवून बी अलगद उचलावी. बी काढल्यावर प्रत्येक फळ उघडून आत पाहणे आवश्यक आहे, कारण बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या खजुरातही कधी कीड किंवा काळी बुरशी निघते. अर्धा किलो मध्यम आकाराच्या खजुरात सुमारे 50 ते 60 फळे बसतात, आणि माणशी दोन तिखट व एक गोड असा हिशेब धरल्यास 12 पाहुण्यांना 36 फळे पुरतात. पुढील प्रत्येक सारणाचे प्रमाण 24 खजुरांसाठी आहे; श्रोत्यांनी ते लिहून घ्यावे.

पहिले गोड सारण खोव्याचे, म्हणजे आटवून घट्ट केलेल्या दुधाचे आहे. मेळघाटातील गवळी कुटुंबांच्या दुधापासून होणारा खोवा अमरावती जिल्ह्यात नावाजलेला आहे. 100 ग्रॅम खोवा मंद आचेवर 3 ते 4 मिनिटे परतून थंड करावा, त्यात 2 मोठे चमचे किसून भाजलेले सुके खोबरे, 1 मोठा चमचा चारोळी, चिमूटभर वेलचीपूड आणि अर्धा लहान चमचा संत्र्याच्या सालीचा कीस मिसळावा. वरूड आणि मोर्शी हे तालुके संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहेत, आणि तेथील फळ ज्या नागपुरी संत्र्याच्या नावाने ओळखले जाते त्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट प्रदेशाशी जोडलेल्या मालाच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले. साल किसताना फक्त वरचा नारिंगी थर घ्यावा. आतील पांढरा थर कडू असतो. आंबिया बहाराचे संत्रे हिवाळ्याच्या तोंडाशी आणि मृग बहाराचे हिवाळा सरताना येते, त्यामुळे उन्हाळ्यातील पाहुण्यांसाठी सालीची वाळवून केलेली पूड किंवा लिंबाच्या सालीचा कीस वापरावा. या सारणात साखर अजिबात घालू नये. सालीतील सुगंधी तेलामुळे खजूर आणि खोवा या दोन जड पदार्थांना हलकेपणा येतो.

दुसरे गोड सारण तीळ, जवस आणि फल्लीदाण्यांचे, म्हणजे शेंगदाण्यांचे आहे. 2 मोठे चमचे तीळ, 1 मोठा चमचा जवस आणि 4 मोठे चमचे दाणे वेगवेगळे भाजावेत, कारण तिघांना लागणारा वेळ सारखा नसतो. जवस तडतडू लागताच उतरवावे. सर्व एकत्र करून जाडसर कुटावे, त्यात चिमूटभर मीठ, 1 लहान चमचा तूप आणि गोळा वळेल इतकाच संत्र्याचा किंवा लिंबाचा रस घालावा. ज्यांच्याकडे दूध चालत नाही त्यांच्यासाठी तुपाऐवजी तिळाचे तेल घेतले तरी चव बिघडत नाही.

तिखट सारणाकडे वळताना गोड फळात मीठ आणि मिरी घालण्याची कल्पना पुष्कळांना नवी वाटते. प्रत्यक्षात ती फार जुनी आहे. अपिसियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन रोमन पाकग्रंथात बी काढलेल्या खजुरात सुकामेवा किंवा कुटलेली मिरी भरावी, बाहेरून मीठ लावावे आणि मधात परतावे अशी कृती दिलेली आहे. त्या काळी मिरी भारतातून समुद्रमार्गे रोमला जात असे, आणि पहिल्या शतकातील लेखक प्लिनी याने दिलेल्या दरांवरून असे दिसते की काळ्या मिरीपेक्षाही लांब मिरी, म्हणजे आपली पिंपळी, कितीतरी महाग होती. ही पिंपळी वऱ्हाडात आजही पिकते. अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी आणि अकोला जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा या भागांत बारी समाजाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पानपिंपळीचे मळे राखत आले आहेत. या वेलीची वाळलेली कणसासारखी फळे आयुर्वेदात सुंठ आणि मिरी यांच्यासह ‘त्रिकटू’ म्हणून वापरली जातात, आणि तिचा तिखटपणा जिभेवर सावकाश चढून रेंगाळतो. एवढा मोलाचा मसाला दाराशी असताना तो बहुधा औषधांच्या व्यापारातच जातो. घरच्या स्वयंपाकात त्याने परत यावे, असे हे फळ पाहून मनापासून वाटते.

पहिल्या तिखट सारणात या पिंपळीचाच उपयोग होतो. 120 ग्रॅम ताजे पनीर हाताने मळून मऊ करावे, त्यात पाव लहान चमचा पिंपळीची पूड, अर्धा लहान चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चवीपुरते मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालावा. दुसरे सारण चक्क्याचे, म्हणजे पाणी निथळलेल्या दह्याचे आहे. अर्धा लिटर दही पातळ सुती फडक्यात बांधून थंड जागी 6 ते 8 तास टांगले की घट्ट चक्का तयार होतो. त्यातील 120 ग्रॅम चक्क्यात पाव लहान चमचा मीठ, बारीक चिरलेली एक हिरवी मिरची आणि 2 मोठे चमचे सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिसळावी. सांबार धुतल्यावर पूर्ण कोरडा करून चिरावा, अन्यथा चक्का पातळ होऊन खजुरातून ओघळतो. चक्क्याचा आंबटपणा खजुराची गोडी सर्वांत चांगली तोलतो, म्हणून एकच तिखट प्रकार करावयाचा असल्यास हाच निवडावा.

तिसरे सारण ठेच्याचे आहे. 6 कमी तिखट हिरव्या मिरच्या, 8 लसणाच्या पाकळ्या आणि 4 मोठे चमचे दाणे तव्यावर थोड्या तेलात भाजून, मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटावे आणि वरून लिंबू पिळावे. प्रत्येक खजुरात हा ठेचा जेमतेम पाव चमचा आणि त्यासोबत एक अख्खा भाजलेला दाणा ठेवावा, कारण येथे तिखटाने फळावर कुरघोडी केली तर पदार्थ फसतो. हे खजूर थेंबभर तुपावर अर्धे मिनिट शेकले तर अधिक खुलतात; त्याहून जास्त शेकल्यास खजुरातील साखर करपून कडवट होते.

भरताना हाताला तुपाचे बोट लावावे, सारण चिरेच्या कडेच्या किंचित वर येईल इतकेच भरावे आणि गोड-तिखट फळे वेगळ्या ताटलीत मांडावीत, म्हणजे पाहुण्यांचा गोंधळ होत नाही. गोडावर चारोळी आणि तिखटावर सांबाराचे पान ठेवले की ओळख आपोआप पटते. दाणे-तिळाचे खजूर झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस सहज राहतात. खोवा, पनीर आणि चक्का यांचे मात्र त्याच दिवशी संपवावेत, फ्रीजमध्ये ठेवावेत आणि वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तासाभराहून अधिक वेळ बाहेर राहू देऊ नयेत. तिखट खजुरांबरोबर मठ्ठा आणि गोड खजुरांबरोबर बिनसाखरेचा चहा जुळतो.

या पदार्थाचा खरा मोठेपणा असा की निरनिराळ्या नियमांचे पाहुणे त्याभोवती एकत्र येऊ शकतात. नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाला अमरावतीस आलेल्या किंवा श्रावणात राजराजेश्वराच्या कावड उत्सवासाठी अकोल्यास आलेल्या उपवासाच्या पाहुण्यासाठी दाणे, ओले खोबरे, जिरे, हिरवी मिरची, लिंबू आणि सैंधव मीठ यांचे सारण करावे. रमजानचा रोजा खजुराने सोडण्याची रीत असल्यामुळे इफ्तारच्या दस्तरखानावरही तो शोभतो. लसूण वर्ज्य असणाऱ्यांना पनीर किंवा चक्का चालतो. दाण्यांची ॲलर्जी कोणाला आहे काय, हे मात्र आधी विचारून घ्यावे.

पथ्याविषयीही स्पष्ट बोलणे गरजेचे आहे. मध्यम आकाराच्या एका खजुरात साधारण 5 ते 6 ग्रॅम आणि एका मोठ्या मेजूलमध्ये सुमारे 16 ग्रॅम साखर असते. खजुरात तंतू आणि पोटॅशियम चांगल्या प्रमाणात असले, तरी मधुमेह असलेल्या पाहुण्याला तो आग्रहाने वाढणे योग्य नव्हे. त्याने चक्क्याचा एखादा लहान खजूर आपल्या वैद्यकीय सल्ल्यानुसार घ्यावा आणि यजमानाने तेवढ्यावर समाधान मानावे. साखर सारणात घालू नये हा नियम त्यामुळे चवीइतकाच आरोग्याचाही आहे.

आग्रह हा वऱ्हाडी पाहुणचाराचा प्राण आहे, आणि तो आग्रह करण्यासाठी यजमानीण पाहुण्यांजवळ बसलेली असली पाहिजे, चुलीपाशी अडकलेली नव्हे. म्हणून येत्या सणाला श्रोत्यांनी खजूर बाजारातून आणावा, सारण मात्र आपल्याच शिवारातील दाणे, तीळ, जवस, संत्रे आणि पिंपळी यांचे करावे, आणि भरण्याच्या कामाला घरातील पुरुषांनी व मुलांनीही हात लावावा.