तुलना करायची, पण कशी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील मांडणी)



तुलना हा प्रकार आपल्यापैकी बहुतेकींनी पहिल्यांदा घरातच अनुभवलेला असतो. शेजारची मुलगी किती शांत, थोरली सून किती कामसू, आणि तू? कोणाशी तुलना करायची, कोणते माप लावायचे, हे तुलना करणारा ठरवतो. जिची तुलना होते तिला कोणी विचारत नाही. राजकारणातही हेच घडते. म्हणून आज 'तौलनिक राजकारण' या अभ्यासविषयावर बोलायचे ठरवले. मी समाजकार्याची विद्यार्थिनी, राज्यशास्त्राची नव्हे. पण कामाच्या ओघात या विषयाची गरज पडली, आणि वाचत गेले तसे वाटू लागले की ही पद्धत विद्यापीठातच राहून उपयोगाची नाही, ती आपल्या हाती यायला हवी.

विषयाचा गाभा साधा आहे. वेगवेगळ्या देशांतील राज्यव्यवस्था शेजारी शेजारी ठेवायच्या आणि एका ठिकाणी जे घडले ते दुसरीकडे का घडले नाही, याचे कारण शोधायचे. समाजावर प्रयोगशाळेत प्रयोग करता येत नाही, म्हणून तुलनेचा आधार घ्यावा लागतो. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात याच्या दोन रीती मांडल्या. पहिली रीत : जवळजवळ सारखी असलेली दोन उदाहरणे घ्या, ज्यांचा परिणाम मात्र वेगळा आहे; मग फरक शोधा. दुसरी रीत : अगदी वेगळी उदाहरणे घ्या, ज्यांचा परिणाम सारखा आहे, मग साम्य शोधा. समाजजीवनाची गुंतागुंत पाहता या रीती तिथे पुरेशा पडतील असे मिललाही वाटत नव्हते, हेही सांगायला हवे. याच मिलने १८६७ साली ब्रिटिश संसदेत मताधिकाराच्या विधेयकातील 'पुरुष' शब्दाऐवजी 'व्यक्ती' असा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली होती. ती फेटाळली गेली.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या प्रश्नाकडे येऊ. स्त्रियांसाठी आरक्षण ठेवले की स्त्रिया निवडून येतात का?

पहिल्या रीतीने अर्जेंटिना आणि ब्राझील हे शेजारी देश पाहू. दोन्ही लॅटिन अमेरिकेतले, दोन्हींनी लष्करी राजवट भोगलेली, दोन्हीकडे १९८०च्या दशकात लोकशाही परत आली, आणि दोन्हीकडे पक्षांच्या उमेदवार याद्यांतून प्रतिनिधी निवडले जातात. अर्जेंटिनाने १९९१ साली कायदा केला की पक्षांच्या यादीत किमान ३० टक्के स्त्रिया हव्यात, आणि त्याही निवडून येण्याची शक्यता असलेल्या क्रमांकांवर. सुरुवातीला पक्षांनी टाळाटाळ केली. तेव्हा तिथल्या स्त्रिया कोर्टात गेल्या. १९९५च्या निवडणुकीनंतर कनिष्ठ सभागृहात स्त्रिया एक चतुर्थांशाहून अधिक झाल्या. ब्राझीलने १९९७ साली असाच ३० टक्क्यांचा कायदा केला. पण १९९८च्या निवडणुकीत कनिष्ठ सभागृहातील ५१३ जागांपैकी फक्त २९ ठिकाणी स्त्रिया निवडून आल्या. पुढची अनेक वर्षे हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिले.

फरक कुठे होता? ब्राझीलचा कायदा उमेदवारीच्या ३० टक्के जागा स्त्रियांसाठी राखून ठेवायला सांगत होता, भरायला सांगत नव्हता. पक्षांनी त्या रिकाम्या सोडल्या. 'भरल्या पाहिजेत' असा बदल २००९ साली झाला. दुसरे असे की अर्जेंटिनात मतदार पक्षाच्या संपूर्ण यादीला मत देत. यादीतला क्रम पक्षाने ठरवलेला, आणि कायद्याने त्या क्रमालाच हात घातला होता. ब्राझीलमध्ये मतदार यादीतल्या एकेका उमेदवाराला निवडतो. म्हणजे उमेदवाराला स्वतःचा पैसा, स्वतःची माणसे उभी करावी लागतात, आणि स्त्रियांची पंचाईत तिथेच होते. 'तिथल्या स्त्रियाच मागे आहेत' हे उत्तर अशा वेळी टिकत नाही. कायद्यातले एक क्रियापद आणि मतदानाची पद्धत यांनी केवढा फरक पडला, हे या तुलनेने दाखवले.

आता दुसरी रीत. स्वीडन आणि रवांडा यांत साम्य ते काय? एक श्रीमंत आणि शांत, दुसरा १९९४च्या नरसंहारातून उठलेला. तरी दोन्ही देशांच्या संसदांत स्त्रियांचे प्रमाण मोठे. स्वीडनमध्ये कायद्याने आरक्षण नाही. १९९३ साली तिथल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने यादीत एक पुरुष, एक स्त्री असा क्रम स्वीकारला. रवांडाच्या २००३च्या राज्यघटनेने किमान ३० टक्के वाटा दिला, आणि कनिष्ठ सभागृहातील ८० पैकी २४ जागा फक्त स्त्रियांसाठी ठेवल्या. २०१३ साली तिथे ८० पैकी ५१ स्त्रिया निवडून आल्या. दोन्हीकडे पक्षांच्या याद्यांची निवडणूक आहे, आणि दोन्हीकडे कोणीतरी ठरवून स्त्रियांना जागा दिली आहे. संपत्ती किंवा शिक्षण आपोआप वाढेल आणि मग स्त्रिया येतील, अशी वाट कोणी पाहिली नाही.

पण इथेच थांबायला हवे. रवांडात १९९४पासून एकाच पक्षाची पकड आहे आणि विरोधकांना फारशी मोकळीक नाही. अशा संसदेतल्या ५१ स्त्रियांची सत्ता किती, हा प्रश्न आकडा सांगत नाही. शिवाय मुलींना वारशात समान हक्क देणारा तिथला कायदा १९९९चा, म्हणजे नव्या घटनेच्या आधीचा. तो काही या ५१ जणींमुळे झाला नाही. कोण आधी आणि कोण नंतर हे न पाहता कारण ठरवले, तर आपण स्वतःचीच फसवणूक करतो.

तुलनेसाठी परदेशीच जायला हवे असेही नाही. १९९३पासून आपल्याकडे पंचायतीत स्त्रियांना एक तृतीयांश आरक्षण आले. महाराष्ट्राने २०११ साली ते निम्म्यावर नेले. कोणते प्रमुखपद राखीव हे ठरावीक क्रमाने किंवा सोडतीने ठरते, गावाची कुवत पाहून नव्हे. म्हणून राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना रास्त होते. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांत अशी तुलना केली, ती २००४ साली प्रसिद्ध झाली. दोन्हीकडे स्त्रिया पाण्याची तक्रार अधिक करत, आणि राखीव पंचायतींनी पाण्यावर अधिक काम केले. रस्त्यांबाबत मात्र गंमत झाली. बीरभूममध्ये स्त्रियांना रस्ते हवे होते, तिथे रस्त्यांचे काम वाढले. उदयपूरमध्ये रस्त्यांची मागणी पुरुषांची होती, तिथे ते कमी झाले. 'बाई नावाला, कारभार नवऱ्याचा' हे वाक्य सर्रास फेकणाऱ्यांपुढे हा पुरावा ठेवावा.

उलट वाईट तुलना कशी असते तेही सांगते. एका आढावा बैठकीत एका अधिकाऱ्यांनी तक्ता मांडला : महिला सरपंच असलेल्या गावांची घरपट्टीची वसुली कमी. त्या तक्त्याचा हवाला देऊन एका गावात अविश्वास ठरावाची भाषा सुरू झाली. आम्ही सरपंचताईंबरोबर बसून मागच्या पाच वर्षांच्या नोंदी काढल्या. वसुली आधीच्या पुरुष सरपंचांच्या काळातही तेवढीच कमी होती. तक्त्यात आकडे खरे होते, पण 'आधी किती' हा रकानाच नव्हता. नोंदी ग्रामसभेत वाचून दाखवल्यावर ठरावाची भाषा मागे पडली.

शेवटचा मुद्दा मापाचा. सॅम्युअल हंटिंग्टन यांच्या १९९१च्या गाजलेल्या पुस्तकात लोकशाहीची पहिली लाट १८२८ साली अमेरिकेत सुरू झाली असे धरले आहे. तिथे कसोटी होती : प्रौढ पुरुषांपैकी निम्म्यांना मताधिकार. स्त्रिया आणि गुलाम हिशेबातच नाहीत. स्वित्झर्लंड जुनी लोकशाही म्हणून गणली जाते, पण तिथल्या स्त्रियांना देशपातळीवर मत मिळाले १९७१ साली. आपल्या घटनेने १९५० सालीच स्त्री-पुरुषांना एकाच वेळी मताधिकार दिला. स्त्रियांना मोजले की लोकशाह्यांच्या जन्मतारखा बदलतात. म्हणून कोणतीही क्रमवारी समोर आली की आधी व्याख्या विचारावी.

२०२३ साली संसदेने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश आरक्षणाची घटनादुरुस्ती केली, पण तिचा अंमल जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी बांधला. २०२४ साली लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. आपल्याकडे याद्या नाहीत, एका मतदारसंघात एकच जागा असते. त्यामुळे अर्जेंटिनाचा उपाय जसाच्या तसा इथे चालणार नाही. पण 'राखून ठेवा' आणि 'भरा' यांतला फरक ज्यांनी पाहिला, त्या कायद्यातले 'केव्हापासून' हेही नीट वाचतील.

गटचर्चेसाठी तीन प्रश्न देते. आपल्या तालुक्यात स्त्री-सरपंचांविषयी कोणत्या तुलना केल्या जातात आणि त्या कोण करतो? त्या तुलनेत कोणता रकाना गाळलेला आहे? तो भरायला कोणत्या कचेरीतून कोणती नोंद मागावी लागेल? पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने निदान एका गावाच्या नोंदी सोबत आणाव्यात, म्हणजे बोलणे नुसते मतांवर राहणार नाही.