सेवा आणि तिचे मोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी माहूर येथे केलेले भाषण)



वर्धापनदिन हा आनंदाचा दिवस. अशा दिवशी गोड बोलावे, मंडळाच्या कार्याचे कौतुक करावे आणि चहा घेऊन घरी जावे अशी रीत आहे. कौतुकाचे काम चिटणीसबाईंनी अहवालात केलेच आहे. मी मात्र आज थोडे कडू बोलणार आहे, आणि त्यातला पहिला घोट माझा मलाच घ्यावयाचा आहे.

आपल्या माहूरला माणसे सेवेसाठी येतात. नवरात्रात आणि दत्तजयंतीला गड माणसांनी फुलून जातो. रेणुकामातेची सेवा, दत्तप्रभूंची सेवा, हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे 'सेवा' म्हटले की आपले हात आपोआप जोडले जातात. देवाची सेवा करणारा मोबदला मागत नाही, हे योग्यच आहे. परंतु तोच शब्द आपण पोटासाठी राबणाऱ्या बाईला लावतो, तेव्हा घोटाळा होतो. अंगणवाडीतील बाईचे सरकारी नाव 'सेविका', आणि तिला मिळणाऱ्या रकमेचे नाव 'मानधन'. यातला मान किती आणि धन किती, आणि त्याचा आपल्या मुलाबाळांशी काय संबंध, हा माझा आजचा विषय.

मी आयुष्यभर शाळेत शिकवले. मला पगार होता, हक्काच्या रजा होत्या, आज निवृत्तिवेतन आहे. निवृत्तीनंतर एकदा एका वस्तीवर ओळखीच्या घरी जाण्याचा योग आला. त्या घरातला दीड-दोन वर्षांचा नातू पाहून मी चपापले. हातापायांच्या काड्या, केस विरळ, डोळ्यांत तेज नाही. चौकशी केली तर आजी म्हणाली, "अंगणवाडीत त्याचं वजन बराबर हाय म्हनतात." मी अंगणवाडीत जाऊन नोंदवही मागितली. वजन खरोखरच बरोबर होते, जरा जास्तच बरोबर होते! दर महिन्याला नेमकी दोनशे ग्रॅम वाढ, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. मी चाळीस वर्षे मुले पाहिली आहेत, असे पायरीपायरीने वाढणारे मूल मी पाहिलेले नाही. वजन न करताच आकडे लिहिलेले होते. माझा संताप झाला. त्या रात्री मी त्या सेविकेविरुद्ध दोन पानी तक्रार लिहिली. अक्षर माझे चांगले आहे, भाषाही चांगली उतरली.

तक्रार पोस्टात टाकण्यापूर्वी आणखी पुरावा पाहावा, म्हणून मी एक दिवस सकाळपासून त्या अंगणवाडीत जाऊन बसले. भगिनींनो, तो दिवस मी विसरणार नाही.

मदतनीस काम सोडून गेली होती, जागा कित्येक महिने रिकामी होती. म्हणून सेविकेने आधी स्वतः झाडून काढले, पाणी भरले. मग घरोघर जाऊन मुले गोळा केली. काहींच्या आया कापूस वेचायला पहाटेच गेल्या होत्या, त्या मुलांची तोंडेही हिनेच धुतली. मग गाणी, गोष्टी, आहाराचे वाटप, आणि उष्टी-खरकटी काढणे. दुपारी मुले गेल्यावर ही जेवायला बसेल असे मला वाटले. तिने फोन काढला. त्या दिवसाची माहिती फोनमध्ये भरावयाची होती आणि वस्तीत रेंज नव्हती. ती टेकाडावर चढून गेली, मीही मागोमाग गेले. तेथून उतरल्यावर दोन गरोदर बायांच्या घरी भेटी, आणि शेवटी कसल्याशा सर्वेक्षणाचे कागद. वजनाचा टांगता काटा भिंतीवर होता, पण त्याचा आकडा गंजून वाकलेला होता, आणि रडणारे मूल झोळीत धरून ठेवायला दुसरे माणूस नव्हते.

संध्याकाळी मी तिला वजनांविषयी विचारले. ती खाली पाहून म्हणाली, "बाई, मला खोटं लिहायचं नव्हतं. महिन्याची तारीख संपत होती. माहिती गेली नाही की बोलणी बसतात. वजन चुकलं तर कुणी विचारत नाही."

मी घरी आले आणि तक्रारीचा कागद पुन्हा वाचला. त्यातले एकही विधान खोटे नव्हते, तरी सगळी तक्रार चुकीच्या माणसाविरुद्ध होती. दुसऱ्या आठवड्यात काटा दुरुस्त करून घेऊन आम्ही दोघींनी मिळून मुलांची वजने केली. तो मुलगा तीव्र कुपोषणाच्या लाल रेघेखाली निघाला. त्याला दवाखान्यात नेले, आणि हळूहळू तो सावरला. पण त्याचे कित्येक महिने कागदावरच वाढण्यात गेले, ते काही परत मिळाले नाहीत. तीव्र कुपोषित मूल वेळेवर हेरले नाही, तर साधा जुलाबही त्याच्या जिवावर बेततो. सेविकेवर पडलेला भार असा पायरीपायरीने उतरत शेवटी लेकराच्या अंगावर येऊन पडतो.

आता थोडा इतिहास सांगते. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या मराठी मातीतला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांच्या अंगणात नेऊ, हा त्यांचा विचार. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, गरजू मुलाला पुढे दवाखान्यात पाठवणे, शाळापूर्व शिक्षण आणि मातांना पोषण-आरोग्याची माहिती, अशा सहा सेवा तिच्यात ठरल्या. त्या सगळ्यांचा भार सेविकेच्या शिरावर, आणि ती मात्र स्वयंसेविका! स्वयंसेविका म्हणून पगार नाही, मानधन.

ते मानधन किती? १ ऑक्टोबर २०१८ पासून केंद्राने सेविकेची रक्कम ३,००० वरून ४,५०० रुपये केली आणि मदतनिसाची १,५०० वरून २,२५०. राज्य सरकार त्यात आपली भर घालते. महाराष्ट्रात दोन्ही मिळून सेविकेला ८,३२५ आणि मदतनिसाला ४,४२५ रुपये मिळत होते, ते २०२३ साली १०,००० आणि ५,५०० झाले. ही वाढ संप केल्यावर झाली. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून पुन्हा संप झाला, तो पन्नासांहून अधिक दिवस चालला. २०२४ साली मानधन १३,००० आणि ७,५०० करण्यात आले, शिवाय प्रोत्साहन भत्ता ठरला. ४,४२५ रुपयांत महिनाभर राबणारी मदतनीस काम सोडून का जाते, हे कोडे मला त्या दिवशी उलगडले. कापूस वेचायला गेले तर रोजची मजुरी रोज हातात पडते. ती गेली की तिचे काम सेविकेवर, आणि सेविकेचे काम अर्धवट.

केवळ पैशाचाच प्रश्न आहे असे नाही. २०२१ साली महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन जुने व कमी ताकदीचे, आणि 'पोषण ट्रॅकर'मध्ये मराठीतून माहिती भरता येत नाही, ही त्यांची तक्रार होती. आपल्या भाषेत लिहिता येत नसेल, तर नोंद अचूक कशी व्हावी? सुताराला बोथट रंधा द्यायचा आणि लाकूड खडबडीत राहिले म्हणून रागवायचे, असाच हा प्रकार झाला.

कोणी विचारतील, "मानधन वाढवले म्हणजे काम सुधारते कशावरून? कामचुकार तो कामचुकारच!" शंका रास्त आहे. नुसत्या पैशाने आळशी माणूस उद्योगी होत नाही, हे मी मान्य करते. पण कामाला चटावलेले माणूस टिकून राहते ते पुरेशा मोबदल्यानेच. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मोटारीच्या कारखान्यात १९१३ साली मजूर इतके सोडून जात, की त्याच जागांवर वर्षातून कित्येकदा नवी माणसे घ्यावी लागत. १९१४ च्या जानेवारीत त्याने दिवसाचे काम आठ तासांवर आणले आणि रोज ५ डॉलरपर्यंत, म्हणजे जवळजवळ दुप्पट केला. माणसे सोडून जाणे झपाट्याने कमी झाले. फोर्ड काही साधुपुरुष नव्हता, हिशेबी व्यापारी होता. लोखंडाच्या कामाला जर हा हिशेब लागू, तर लेकरांच्या कामाला का नसावा? मूल तर ओळखीच्या बाईजवळच जेवते. दर सहा महिन्यांनी बाई बदलली, तर ते तोंडही उघडत नाही.

दुसरा आक्षेप असा, की ताराबाई, अनुताईंनी पैसा पाहिला नाही. खरे आहे, त्यांना माझे शतशः प्रणाम. पण त्याग ज्याचा त्याने स्वखुशीने करावयाचा असतो. तो सरकारी आदेश काढून दुसऱ्याला नेमून देता येत नाही.

कायद्याची पावलेही या दिशेने पडू लागली आहेत. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने अशा योजनांत राबणाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन द्यावे, अशी शिफारस केली. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांना १९७२ च्या उपदान कायद्याचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असा निकाल दिला, आणि मानधन हेही त्या कायद्याच्या अर्थाने वेतनच ठरते असे म्हटले. शब्द बदलला की नजर बदलते.

मंडळापुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, महिन्यातल्या वजनाच्या दिवशी आपल्यापैकी दोघी-दोघींनी जवळच्या अंगणवाडीत जावे, मूल धरावे, आकडा मोठ्याने वाचावा. दुसरी, जेथे मदतनिसाची जागा रिकामी असेल किंवा काटा बिघडला असेल, तेथे मंडळाच्या नावाने अर्ज करावा आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. तक्रार लिहिण्याची हौस आपल्याला आहेच, ती योग्य पत्त्यावर पाठवू या.

तिसरी सूचना घरातली आहे. आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईला महिन्यातून चार हक्काच्या सुट्ट्या आणि ठरल्या तारखेला पैसे आपण देतो का? कढईला काळे राहिले म्हणून मी कितीदा बोलले असेन! ती माझ्याकडे येते तेव्हा ते तिचे पाचवे घर असते, हे मी कधी तिला विचारलेच नव्हते. आता विचारले, दोन पैसे वाढवले, आणि तिच्या हातात चांगली घासणी दिली. कढई निघते, भगिनींनो.

ती दोन पानी तक्रार मी अजून जपून ठेवली आहे, कोणाविषयी चटकन मत बनवण्याची इच्छा झाली म्हणजे वाचण्यासाठी.