ओटा नकाशातच हवा



स्वागत समितीच्या वतीने आपलं तापीकाठी मनापासून स्वागत. भुसावळहून आलेल्यांना ही नदी परकी नाही. तिच्याच खोऱ्यातून, ताप्ती लाइनीच्या गाडीने, जळगाव-धुळे-नंदुरबारची हजारो कुटुंबं इथल्या कापड धंद्यात आली आणि लिंबायत, उधना, डिंडोलीत स्थिरावली. गाव सोडून आलेल्या घराला बाळंतपणात, आजारपणात पहिला हात शेजाऱ्याचा मिळतो. म्हणून शेजाराचा विचार करणारी ही परिषद सुरतेत भरते आहे, याचा मला फार आनंद आहे.

जुन्या सुरतेत, गोपीपुरा-नानपुऱ्याच्या शेऱ्यांमध्ये, म्हणजे गल्ल्यांमध्ये, घराला लागून ओटा असे. संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे टेकत, पोरं समोर खेळत. मुद्दाम भेटायला जावं लागत नसे. येता-जाताच विचारपूस होई. आमच्या लिंबायतच्या गल्ल्यांत बायका दारात बसून साड्यांना खडे चिकटवतात, धागे कापतात, आणि शेजारची आजी सगळ्यांच्या पोरांवर नजर ठेवते.

आता नव्या इमारती पाहा. तळमजला गाड्यांना, वर बंद दारं आणि गच्चीला कुलूप. उत्तरायणाला पतंगांसाठी ते कुलूप निघतं, तेव्हा कळतं की इमारतीत मुलं किती आणि आजोबा किती! चांदनी पडव्याला, म्हणजे आपल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, हेच शहर घारीच्या मिठाईचे आणि भुसू नावाच्या फरसाणाचे डबे घेऊन रस्त्याच्या कडेला सहकुटुंब बसतं. सुरतेला एकत्र बसण्याची हौस मुळातच आहे. जागा नाही. कोसाडसारख्या पुनर्वसन वसाहतींत झोपडवस्तीतल्या कुटुंबांना पक्कं घर मिळालं, हे मोठं काम झालं. पण दारात चालणारं काम आणि दारातली देखरेख जिना चढून वर जात नाहीत. त्यांची सोय नकाशातच करावी लागते.

ती करता येते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट्स व्हिलेज रचलं. सात घरांच्या मधोमध साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद अंगण. अशा तीन गटांना मिळून आणखी एक मोठं अंगण. आणि असं करत करत वस्ती. अंगण इतकं लहान ठेवलं की रडणारं पोर कोणाचं, हे साती घरांना कळावं. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत गरिबाच्या घरालाही रस्त्याकडे ओटा दिला. जमीन महाग आहे, असं कोणी म्हणेल. सिंगापुरात ती काय स्वस्त आहे? तिथल्या कम्पुंग अॅडमिरल्टीत वृद्धांची १०४ घरं, दवाखाने, खाण्याच्या टपऱ्या आणि पाळणाघर एकाच संकुलात एकावर एक रचलं आहे.

इमारतीच्या मागच्या कोपऱ्यातल्या क्लबहाउसवर माझा भरवसा नाही. रोजच्या वाटेवर नसलेली जागा सणापुरतीच उघडते. मला हवा आहे तो लिफ्टच्या दाराशी, जिन्याच्या वळणावर, दर तीन-चार मजल्यांना एक उजेडाचा, वाऱ्याचा कट्टा. तिथून खेळणारी मुलं दिसली पाहिजेत. लक्ष ठेवायचं काम असलं की म्हातारं माणूस रोज घराबाहेर पडतं, आणि मुलांनाही हाक मारायला कोणीतरी असतं.

ही चैन नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुराने शहराचा बहुतेक भाग बुडाला, तेव्हा खालच्या मजल्यांवरच्या लोकांना वरच्यांच्याच घरांचा आसरा होता. अशा रात्री दार वाजवायचं, तर त्या दारामागचं माणूस आधीपासून ओळखीचं असावं लागतं.

म्हणून बांधकाम व्यावसायिक मित्रांना माझी हात जोडून विनंती आहे: विकता येत नाही म्हणून बसण्याची जागा नकाशातून खोडू नका. संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी परत गेल्यावर गच्चीची किल्ली रोज संध्याकाळी रहिवाशांच्या हाती द्यावी. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. आणि या परिषदेने उठण्यापूर्वी ठराव करावा की प्रत्येक नव्या इमारतीच्या आराखड्यात वाहनतळाइतकाच शेजाऱ्यांच्या कट्ट्याचाही हिशेब मांडला जाईल. आपल्या मुक्कामात काही कमी पडलं, तर समितीला हक्काने सांगा.